सुईची देवघेव आणि कायदा

अमली पदार्थाचे इंजेक्शन घेणाऱ्या माणसाकडून वापरलेली सुई परत घ्यावयाची आणि त्याला नवी, निर्जंतुक सुई द्यावयाची, ही कल्पना प्रथमदर्शनी कोणालाही खटकते. शासनाच्याच पैशातून व्यसनाला साधन पुरवायचे काय, असा प्रश्न विचारला जातो, आणि तो गैर म्हणता येणार नाही. परंतु या प्रश्नाचे उत्तर आता केवळ वैद्यकशास्त्रात नव्हे, तर देशाच्या कायद्यातही नमूद आहे.

एकच सुई अनेकांनी वापरली म्हणजे तिच्या पोकळीत राहिलेला रक्ताचा अंश एकाच्या शरीरातून दुसऱ्याच्या शरीरात जातो, आणि त्याबरोबर एचआयव्ही व काविळीचे बी आणि सी हे विषाणूही जातात. हॉलंडमध्ये ॲम्स्टरडॅम येथे १९८४ मध्ये सुयांच्या देवघेवीला आरंभ झाला तो काविळीच्या भीतीनेच; आणि विशेष म्हणजे ती मागणी व्यसनी लोकांच्या संघटनेने केली होती. आपल्याकडे हा धडा मणिपूरने शिकविला. म्यानमारच्या सीमेवरील या राज्यात हेरॉइन घेणाऱ्यांमध्ये १९८९-९० च्या सुमारास एचआयव्हीचा शिरकाव झाला आणि काही महिन्यांतच तपासलेल्यांपैकी जवळजवळ निम्मे लोक बाधित आढळले. मणिपूरने १९९६ मध्ये आपले एड्सविषयक धोरण स्वीकारून त्यात या उपायाला स्थान दिले. २००२ च्या राष्ट्रीय धोरणानेही तो मान्य केला.

धोरण झाले, तरी कायद्याची अडचण राहिलीच. गुंगीकारक औषधिद्रव्ये आणि मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम, १९८५ च्या कलम २७ अन्वये अशा पदार्थाचे सेवन हा गुन्हा आहे; हेरॉइनच्या बाबतीत एक वर्षापर्यंतचा कारावास, वीस हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. मग सुई पुरविणारा कार्यकर्ता हा गुन्ह्याला साहाय्य करणारा ठरत नाही काय? एक खाते सुया वाटते आणि दुसरे खाते त्या जवळ बाळगणाऱ्याला पकडते, अशी ही विसंगती होती. भीती वाटली की माणूस केंद्रावर येत नाही, आणि जुनीच सुई पुन्हा वापरली जाते.

एचआयव्ही व एड्स (प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम, २०१७ हा १० सप्टेंबर २०१८ पासून अमलात आला आणि त्याच्या कलम २२ ने ही गाठ सोडविली. अन्य कोणत्याही कायद्यात काहीही असले तरी, केंद्र शासनाच्या मार्गदर्शक सूचनांनुसार एचआयव्हीचा धोका कमी करण्यासाठी योजलेला उपाय हा गुन्हा ठरणार नाही, आणि त्याला मनाईही करता येणार नाही, असे हे कलम सांगते. येथे उदाहरणही दिले आहे: नोंदणीकृत सुई-विनिमय कार्यक्रम चालविणारा ‘क्ष’ हा ‘य’ या व्यसनी व्यक्तीला वापरलेल्या सुईच्या बदल्यात स्वच्छ सुई देतो, दोघांपैकी कोणावरही फौजदारी वा दिवाणी दायित्व येत नाही.

यातील ‘नोंदणीकृत’ हा शब्द महत्त्वाचा. कोणीही उठून सुया वाटाव्यात, अशी ही मुभा नाही. तद्वतच कायद्याने सुईला संरक्षण दिले आहे, अमली पदार्थाला नव्हे. ‘य’च्या खिशात हेरॉइनची पुडी सापडली तर १९८५ चा कायदा लागू होतोच. मात्र त्याच कायद्याच्या कलम ६४-अ नुसार, सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा आरोप असलेली व्यसनी व्यक्ती स्वेच्छेने मान्यताप्राप्त संस्थेत उपचार घेत असेल तर ती खटल्यास पात्र राहत नाही. उपचार अर्धवट सोडल्यास ही सवलत काढून घेता येते. ठाणे अंमलदाराने हा भेद ध्यानात घेतला तर बरेचसे तंटे उद्भवणारच नाहीत.

सुई परत येणे हा या व्यवस्थेचा अर्धा भाग आहे. कार्यकर्ता परत आलेल्या सुया जाड, न भोसकणाऱ्या डब्यात ठेवतो. जैववैद्यकीय कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांनुसार त्यासाठी पांढरा, अर्धपारदर्शक डबा ठरलेला आहे. मात्र ‘एक द्या, एक घ्या’ हा हट्ट जागतिक आरोग्य संघटनेला मान्य नाही, कारण रिकाम्या हाताने आलेल्याला परत पाठविले तर तो दुसऱ्याची सुई घेतो. कायद्याचे उदाहरण देवघेवीचे आहे हे खरे. परंतु त्यावरून हिशेबाची काटेकोर बरोबरी अपेक्षिणे प्रस्तुत लेखकाला योग्य वाटत नाही.

देशातील प्रौढांमध्ये एचआयव्ही बाधितांचे प्रमाण २०२१ च्या अंदाजानुसार सुमारे ०.२ टक्के होते. इंजेक्शन घेणाऱ्यांमध्ये त्याच वर्षीच्या पाहणीत ते सुमारे ९ टक्के आढळले. त्यांना पत्नी आहे, मुले आहेत. मुंबईत स्वयंसेवी संस्थांनी १९९० च्या दशकातच हे काम हाती घेतले. आज अशा केंद्रांतून रक्ततपासणी, जखमांची मलमपट्टी, तसेच हेरॉइनऐवजी देखरेखीखाली ब्युप्रेनॉर्फिन देण्याचा उपचार यांच्याशी या माणसांची गाठ घालून दिली जाते. सुईच्या निमित्ताने तो केंद्राच्या दारात येतो, एरवी आला नसता.

शाळेच्या आवारात वा ओढ्याकाठी सुई पडलेली आढळल्यास मुलांनी तिला हात लावू नये, टोपण बसविण्याचा प्रयत्न कोणीही करू नये. मोठ्या माणसाने चिमट्याने उचलून ती जाड डब्यात टाकावी आणि प्राथमिक आरोग्य केंद्रास कळवावे. सुई टोचलीच तर जखम साबण-पाण्याने धुऊन शासकीय रुग्णालय गाठावे. प्रतिबंधक औषध शक्य तितक्या लवकर, व बहात्तर तासांच्या आत, सुरू व्हावे लागते.