षटकांची वही
नोव्हेंबर २०११ मध्ये जोहान्सबर्गला अठरा वर्षांच्या पॅट कमिन्सने पदार्पणाच्या कसोटीत दुसऱ्या डावात ७९ धावांत ६ बळी घेतले. त्याची दुसरी कसोटी उजाडली ती मार्च २०१७ मध्ये, रांचीत. मधली वर्षे वारंवारच्या दुखापतींत, त्यातही पाठीच्या, गेली. अभ्यासातून मला उमगले ते असे : स्नायू थकल्याचे लगेच सांगतो, हाड सांगत नाही. वेगवान गोलंदाजाच्या कण्याचा खालचा भाग विशीतही पक्का होत असतो. एकाएकी वाढलेल्या षटकांची किंमत कधी तीन-चार आठवड्यांनी मोजावी लागते. म्हणून ‘दुखत नाही ना, मग टाक’ हा मैदानी सल्ला मला घातक वाटतो. प्रशिक्षकाने सामन्यातले आणि सरावातले चेंडू एकाच वहीत मांडावेत. पोराने तक्रार करण्याआधीच त्याला थांबवावे.