रॉक क्रॉलरची चाकं सरळ कशी लावाल?

रिमोटवर चालणाऱ्या रॉक क्रॉलरचं, म्हणजे खडकांवर इंचाइंचानं चढणाऱ्या छोट्या गाडीचं अलाइनमेंट चाकांपासून नव्हे, ती वळवणाऱ्या सर्व्हो मोटरपासून सुरू करावं. रिमोटवरचा ट्रिम, म्हणजे सर्व्होचा मध्य किंचित सरकवणारी सोय, शून्यावर आणा, गाडी चालू करा आणि सर्व्हो मध्यावर थांबला की मगच त्याचा हॉर्न, म्हणजे शाफ्टवरचा छोटा दांडा, बसवा. बऱ्याच सर्व्होंच्या शाफ्टला २५ दाते असतात; एक दाता चुकला की हॉर्न १४.४ अंशांनी सरकतो! उरलेला किरकोळ फरक हॉर्नला चाकांशी जोडणाऱ्या ड्रॅग लिंकची लांबी बदलून काढा. ट्रिमनं झाकलात, तर एका बाजूचं वळण कमी पडतं.

मग दोन्ही चाकांना जोडणारा टाय रॉड. एक्सलच्या उंचीवर दोन टायरांमधलं अंतर पुढून आणि मागून मोजा. टाय रॉडची लांबी बदलत दोन्ही अंतरं सारखी झाली की पुरे.

एक्सियल कंपनीच्या एससीएक्स१०सारख्या गाड्यांत पुढचा एक्सल अखंड असतो, त्यामुळे कॅम्बरमध्ये, म्हणजे चाकांच्या आत-बाहेर कलण्यात, हात घालावा लागत नाही. खरी ओढाताण कॅस्टरची, म्हणजे चाक ज्या अक्षाभोवती वळतं त्याच्या पुढे-मागे कलण्याची. एक्सलला चासीशी जोडणारी वरची लिंक आखूड केली की एक्सलचा माथा मागे कलतो आणि वळणानंतर चाकं आपसूक सरळ होऊ पाहतात. पण त्याच हालचालीत ड्राइव्ह शाफ्ट जिथे जोडतो त्या पिनियनचं तोंड खाली जातं, शाफ्टचा कोन तीव्र होतो. खडकांवर वेग नसतोच, म्हणून मी तरी शाफ्टची बाजू घेईन.