ध्येयवादी पिता आणि लेखिका कन्या

ध्येयासाठी सर्वस्व वाहणाऱ्या मनुष्यास जग वंदन करते. परंतु त्या ध्येयाचा भार पुष्कळदा त्याच्या घरच्या माणसांना वाहावा लागतो. अमेरिकन लेखिका लुइसा मे अल्कॉट हिचे चरित्र या दृष्टीने मनन करण्यासारखे आहे.

लुइसाचा जन्म २९ नोव्हेंबर १८३२ रोजी झाला. तिचे वडील ब्रॉन्सन अल्कॉट यांचा जन्मदिवसही तोच. ब्रॉन्सन हे शिक्षक होते. १८३४ साली त्यांनी बॉस्टन शहरात शाळा काढली. तेथे घोकंपट्टीऐवजी संवादातून शिक्षण दिले जाई. विद्यार्थ्याने अपराध केला, तर कधी कधी ते स्वतःचाच हात पुढे करून त्याला छडी मारावयास सांगत. १८३९ साली त्यांनी एका कृष्णवर्णीय मुलीस शाळेत घेतले, तेव्हा इतर पालकांनी आपली मुले काढून घेतली. ब्रॉन्सन तत्त्वापासून ढळले नाहीत. शाळा मात्र बंद पडली.

१८४३ साली त्यांनी काही सहकाऱ्यांसह ‘फ्रूटलँड्स’ नावाची वसाहत स्थापिली. तेथे मांस व दूध वर्ज्य होते. कापूस गुलामांच्या श्रमांतून पिके, म्हणून सुती वस्त्रेही वर्ज्य होती. तत्त्वे उदात्त होती. पण पुरुषमंडळी चर्चेत गढून जात आणि शेताची हेळसांड होई. हिवाळ्यात अन्नाची चणचण भासू लागली आणि सुमारे सात महिन्यांत वसाहत मोडली. लुइसा तेव्हा अकरा वर्षांची होती.

पुढे संसाराचा भार मुख्यतः आईने व मुलींनी उचलला. लुइसाने शिकवण्या केल्या, शिवणकाम केले, परक्या घरी मोलकरणीचे कामही केले.

असे असूनही तिच्या लेखनाला वडिलांचाच आधार होता. लहानपणी त्यांनी तिला दैनंदिनी लिहिण्याची सवय लावली. कॉन्कर्ड गावातील घरी त्यांनी स्वतः तिच्यासाठी लिहिण्याचे लहानसे मेज तयार केले. त्या घरी तिने लिहिलेली ‘लिटल वुमेन’ ही कादंबरी १८६८ साली प्रसिद्ध झाली. शांता शेळके यांनी ती ‘चौघीजणी’ या नावाने मराठीत आणली. या पुस्तकाच्या उत्पन्नातून घरावरचे जुने कर्ज फिटले.

१८७३ साली तिने फ्रूटलँड्सची हकीकत विनोदी शैलीत लिहिली. तीत पुरुषांच्या स्वप्नाळूपणाची थट्टा आहे, तसा आईच्या कष्टांचा गौरवही आहे.

४ मार्च १८८८ रोजी ब्रॉन्सन वारले. दोनच दिवसांनी लुइसाही गेली. वडिलांनी तिला थोर विचार दिले. त्या विचारांना कष्टाच्या भाकरीचा आधार लागतो, हे तिला आईने शिकविले.