टक्का ताटातला आणि टक्का ऊर्जेतला

कमी कर्बोदकांच्या आहारात 70 टक्के स्निग्धांश असतो म्हटले की पाऊण ताट लोण्याने भरलेले डोळ्यांसमोर येते. प्रत्यक्षात हा टक्का वजनाचा नसून उष्मांकांचा (अन्नातून मिळणाऱ्या ऊर्जेच्या मापाचा) असतो. एक ग्रॅम स्निग्धांश सुमारे 9 किलोकॅलरी देतो. कर्बोदके आणि प्रथिने सुमारे 4. बाजाराच्या पिशवीत मेथीच्या जुड्या जागा अडवतात, बिल मात्र काजूच्या पुडीने फुगते, तसेच हे. म्हणून असा आहार घेणाऱ्याच्या ताटातही भाजीच जास्त दिसू शकते.

अमेरिकेच्या सरकारी आहार-मार्गदर्शिकेबद्दलचा गैरसमज याच्या उलट आहे. ती 1980 मध्ये प्रथम निघाली आणि तिने स्निग्धांश वर्ज्य केला, असे मानले जाते. सल्ला होता अतिरेक टाळण्याचा. ‘लो फॅट’ बिस्किटांच्या बाजाराने त्याचे काय केले, हा भाग वेगळा! 2015 च्या आवृत्तीत कोलेस्टेरॉलची 300 मिलिग्रॅमची मर्यादा गेली, पण संपृक्त स्निग्धांशाची (तूप, लोणी, खोबरेल यांत मुबलक असणाऱ्या प्रकाराची) मर्यादा राहिली: एकूण ऊर्जेच्या 10 टक्क्यांहून कमी. 2000 किलोकॅलरींच्या आहारात ती सुमारे 22 ग्रॅम भरते. खरा वाद आहे तो या आकड्यावर.