व्यायामवर्गाची भीती कशाला?

महाड-पोलादपूर भागातल्या रुग्णांना मी व्यायाम करायला सांगितले की पहिले उत्तर ठरलेले असते. "डॉक्टर, दिवसभर घरकाम करते, तोच माझा व्यायाम." दुसरे उत्तर जरा उशिरा आणि हळू आवाजात येते. "वर्गाला जावंसं वाटतं हो, पण एवढ्या लोकांत हातपाय कसे हलवायचे? सगळे हसतील." खरी अडचण या दुसऱ्या उत्तरात आहे.

आपल्या आईवडिलांना व्यायाम सांगावा लागला नाही. भातलावणी, जाते, पाण्याचे हंडे आणि डोंगराची चढण यांतच तो होई. आता पीठ गिरणीतून येते, बाजाराला रिक्षा मिळते आणि ताटातला भात मात्र तेवढाच राहिला आहे. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आय.सी.एम.आर.च्या पाहणीनुसार देशात दहा कोटींहून अधिक मधुमेही आहेत. चाळिशीतला कमावता माणूस पायाची चिघळलेली जखम घेऊन दवाखान्यात येतो, तेव्हा या आकड्याचा अर्थ कळतो.

सकाळी फिरणे उत्तमच. पण आपल्याकडचा पाऊस! जूनमध्ये फिरणे बंद पडते आणि चार महिन्यांत सवय मोडते. म्हणून छपराखाली, शिक्षकाच्या देखरेखीत चालणारा वर्ग आपल्यासाठी सोयीचा. मग तो योगासनांचा असो की साध्या कवायतीचा.

असा सामुदायिक व्यायाम म्हणजे काही नवे थेर नव्हे. बडोद्याच्या राजरत्न माणिकरावांनी संघव्यायामाला वळण दिले. त्यांचे शिष्य स्वामी कुवलयानंद यांनी १९२४ साली लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापन केले आणि पुढे आसनेही हुकुमावर, एका तालात सर्वांनी मिळून करण्याची पद्धत बसवली. घरी एकट्याला कंटाळा येतो. दहाजणांत हात आपोआप वर जातो.

आता लोक हसतील का? वर्गात प्रत्येकजण स्वतःचा तोल आणि श्वास सांभाळण्यात गुंतलेला असतो. तुमच्याकडे पाहायला कोणाला सवड नसते. तरीही संकोच वाटत असेल तर एक दिवस नुसते बसून पाहा. सोबत जाऊबाई किंवा शेजारीण न्या. मागच्या रांगेत, पण शिक्षक दिसतील असे उभे राहा. कपडे सैल असले म्हणजे झाले.

हसण्यापेक्षा मोठा धोका ईर्षेचा आहे. शेजारचा वाकतो तेवढे पहिल्याच दिवशी वाकू नका. बोलता येईल पण गाता येणार नाही, इतपतच दम लागू द्या. नव्या व्यायामाने दोन-तीन दिवस अंग दुखते, ते आपोआप थांबते. नेमक्या याच दिवसांत बरेचजण वर्ग सोडतात. तुम्ही सोडू नका. त्या दिवशी निम्मेच करा.

मात्र रक्तदाब, मधुमेह, हृदयविकार किंवा काचबिंदू असेल तर आधी आपल्या डॉक्टरांना विचारा आणि शिक्षकांनाही सांगा. त्यात लाज कसली? रक्तदाब असणाऱ्यांनी श्वास कोंडून जोर लावू नये. काचबिंदू असणाऱ्यांनी डोके खाली जाणारी आसने टाळावीत. इन्सुलिन किंवा साखरेची गोळी घेऊन उपाशीपोटी जाऊ नये. खिशात साखर ठेवावी. छातीत दाब, जबड्यात किंवा हातात कळ, घेरी किंवा वेगळीच धाप जाणवली तर तत्काळ थांबावे आणि दवाखाना गाठावा. गुडघे दुखणाऱ्यांनी खुर्ची मागून घ्यावी.

किती करावे? जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम व्यायाम सांगते. म्हणजे रोज अर्धा तास, आठवड्यातून पाच दिवस. पहिल्या आठवड्यात दहा-पंधरा मिनिटेही पुरेत. व्यायामात स्नायू रक्तातली साखर ओढून घेतात आणि त्याचा परिणाम एक-दोन दिवस टिकतो. म्हणून मधुमेही मंडळींनी सलग दोन दिवसांहून अधिक खाडा करू नये.

एम.आय.डी.सी.तील पाळीवाल्यांनी सकाळ-संध्याकाळपैकी जमेल तो वर्ग धरावा. वाचकहो, वजनकाट्याकडे लगेच पाहू नका. महिनाभराने जिना चढताना दम कमी लागतो का, तेवढे पाहा. औषधे मात्र मनाने बंद करू नका. ती कमी करायची की नाही, हे तपासणीनंतर डॉक्टरांना ठरवू द्या.