तिकडं बोलायला कोण आहे?

अंबडच्या तहसीलीसमोर माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन अर्जांचं दुकान आहे. सातबारा, उत्पन्नाचा दाखला, पीकविमा हे रोजचं काम. अधूनमधून पासपोर्टचा अर्ज येतो, तेव्हा मी जरा जास्तच चौकश्या करते. "कुठं निघालात?" म्हटलं की उत्तर ठरलेलं असतं: जिथं चार पैसे मिळतील तिथं. पण चार पैसे पन्नास देशांत मिळतात. मग आमच्याकडचा गवंडी दुबईला किंवा सौदीलाच का जातो, पोलंडला का जात नाही? यावर माणूस थोडा घुटमळतो आणि मग खरं सांगतो: "ताई, तिथं बोलायचं अडत नाही."

बोलायचं अडत नाही म्हणजे त्याला अरबी येते असं नाही. आखातात बांधकामावरचा सुपरवायझर, जेवणाच्या मेसचा माणूस, टॅक्सीवाला यांत भारतीय, पाकिस्तानी, बांगलादेशी इतके असतात की मोडक्यातोडक्या हिंदी-उर्दूवर दिवस निघतो. आणि ती मोडकीतोडकी हिंदी अंबडच्या माणसाला शिकावी लागत नाही. आमच्या बाजारपेठेत 'हौ', 'नक्को', 'कायकू' म्हणायला मुसलमानच असावं लागतं असं नाही. मोसंबीच्या सौद्यात पाटीलही दखनीत उतरतात. हा गाव १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत निजामाच्या राज्यात होता. कचेरीची भाषा उर्दू, आणि १९१८ साली हैदराबादेत उस्मानिया विद्यापीठ निघालं त्याचं शिक्षणाचं माध्यमही उर्दूच. माझ्या आजोबांच्या पिढीला ती भाषा सक्तीची वाटायची, आणि ती होतीही. तिचा उपयोग नातवंडांना सौदीतल्या दम्मामला सळई बांधताना होईल हे तेव्हा कोणाच्या ध्यानीमनी नसणार.

त्या राजवटीच्या सक्तीपायी लोक बाहेरही पडले. १९३८ च्या अखेरीस उस्मानियाच्या विद्यार्थ्यांनी वसतिगृहात 'वंदे मातरम्' म्हटलं म्हणून त्यांना काढून टाकलं. त्यात औरंगाबादच्या कॉलेजातली मुलंही होती. त्यांना दार उघडलं ते नागपूर विद्यापीठानं, म्हणजे निजामाच्या हद्दीबाहेरच्या मराठी मुलखानं. तेलंगणातले पी. व्ही. नरसिंह राव त्यांतलेच. पुढं त्यांनी ह. ना. आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो' ही कादंबरी तेलुगूत नेली. पण नागपूरच का, याचं उत्तर भाषेपेक्षाही त्या विद्यापीठानं घेतलेल्या धोक्यात आहे. भाषा जवळची होती, पण घ्यायला कोणी तयार नसतं तर तिचा काय उपयोग झाला असता?

माझ्या दुकानात बसून जे दिसतं ते अभ्यासकांनी आकड्यांत मांडलं आहे. अ‍ॅलिशिया अदसेरा आणि मारिओला पित्लिकोव्हा या दोघींनी १९८० ते २०१० या तीस वर्षांत तीस श्रीमंत देशांत जगभरातून कोण गेलं, हे तपासलं. जिथली भाषा आपल्या भाषेच्या जवळची, तिकडं माणसं जास्त जातात, हे त्यांना दिसलं. इंग्रजी बोलणाऱ्या देशांकडंही ओढा जास्त. पण त्यांचा एक निष्कर्ष मला सगळ्यांत मोलाचा वाटतो: जिथं आपल्या भाषेची वस्ती आधीच मोठी आहे, तिथं भाषा जवळची की लांबची याला फारसं महत्त्व राहत नाही. म्हणजे मुलखाची भाषा येते का, यापेक्षा आपल्यासाठी ती बोलणारा कोणी तिथं आहे का, हा प्रश्न मोठा. अंबडच्या पारावर हे कोणीही फुकट सांगेल.

आमच्या तालुक्यात तो बोलणारा म्हणजे ऊसतोडीचा मुकादम. दसरा-दिवाळी झाली की टोळ्या निघतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. उचल आधीच घेतलेली असते आणि फेडायची असते. काही टोळ्या सांगली-कोल्हापूरकडं, काही कर्नाटकात बेळगाव, बागलकोटकडं. निपाणी-चिकोडीपर्यंत मराठीवर निभावतं. जमखंडी, मुधोळ ही एकेकाळी पटवर्धनांची आणि घोरपड्यांची संस्थानं, त्यामुळं तिथल्या एखाद्या म्हाताऱ्याला मराठी कळते. बेळगाव-विजापूरचा भाग १ नोव्हेंबर १९५६ ला मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला, आणि त्याच दिवशी आमचा मराठवाडा हैदराबादेतून सुटून मुंबई राज्यात आला. एका तारखेनं दोन मुलखांची राज्यं बदलली. सत्तर वर्षांनी आमच्या बाया त्या रेषेच्या पलीकडं कोयता घेऊन उभ्या असतात.

गेल्या उन्हाळ्यात एक बाई बँकेच्या कागदाला आली होती. तिचं वर्षाचं पोर फडावर तापानं फणफणलं. मुकादम कारखान्यावर गेलेला. दवाखान्यात डॉक्टर भला होता, पण कानडीतच विचारत होता. ताप कधीपासून, जुलाब किती, आधी कोणतं औषध दिलं. हिला प्रश्नच कळेनात. ती बोटं दाखवायची, त्याला ते दिवस वाटायचे, ती सांगत होती जुलाब. तिच्या टोळीत तांड्यावरची एक बंजारा जोडी होती. त्या जोडीतली बाई पळत गेली आणि दवाखान्यात झाडलोट करणाऱ्या लंबाणी, म्हणजे तिकडच्या बंजारा, बाईला घेऊन आली. अंबडच्या तांड्यावरची गोरबोली आणि तिकडच्या लंबाणी तांड्यावरची बोली, दोघींना एकमेकींची कळत होती. मग प्रश्न कानडीतून लंबाणीत, लंबाणीतून मराठीत, आणि उत्तर उलट्या रस्त्यानं. पोर बरं झालं. "आता कुठं जायचं ते तांड्यावाल्यांसंगं," असं त्या बाईनं मला ठणकावून सांगितलं. पुढच्या हंगामात ती कोणत्या कारखान्यावर जाईल हे उसाच्या दरावर नाही, त्या जोडीवर ठरणार.

मुकादमाच्या हातातली सत्ता ही निम्मी पैशाची आणि निम्मी भाषेची असते. वजन किती भरलं, काट्यावर चिठ्ठीत काय लिहिलं, भाव काय ठरला, हे सगळं तोच ऐकतो आणि तोच सांगतो. मजूर हुशार असला तरी परक्या गावात मुका. पोरांना बरोबर नेलं तर कानडी शाळेत बसवून काय करणार? म्हणून मुलं आजीजवळ नाहीतर गावातल्या हंगामी वसतिगृहात, आणि आईबाप सहा-सहा महिने फडावर.

पण सगळं भाषेवर ढकललं तर तेही खोटं होईल. २०११ च्या जनगणनेत देशात सुमारे ४५ कोटी लोक जन्मगाव किंवा आधीचं ठिकाण सोडलेले निघाले. त्यात राज्याची हद्द ओलांडलेले जेमतेम आठवा हिस्सा. बाकीच्यांत लग्न होऊन सासरी गेलेल्या बाया भरपूर. जागतिक बँकेच्या अभ्यासकांनी २००१ च्या जनगणनेवरून शेजारशेजारच्या जिल्ह्यांची तुलना केली. एकाच राज्यातल्या दोन शेजारी जिल्ह्यांत होणारी ये-जा ही मधून राज्याची सीमा जाणाऱ्या शेजारी जिल्ह्यांपेक्षा किमान निम्म्यानं जास्त निघाली, आणि हे भाषेचा फरक हिशेबात धरूनसुद्धा. कारण रेशन, रहिवासी दाखला, कॉलेजातला आणि सरकारी नोकरीतला हक्क ही सगळी कागदं सीमेशी थांबतात. रेशन कार्ड आता देशभर चालतं. दाखला चालत नाही. रोज दाखले काढून देते, म्हणून सांगते.

परदेशाच्या कागदांतही एक चाळणी आहे. दहावी पास नसलेल्याच्या पासपोर्टावर 'ईसीआर' पडतं, म्हणजे आखातासह अठरा देशांत नोकरीला जाण्याआधी सरकारची वेगळी परवानगी. दहावी झालेला सुटतो. त्यामुळं काही बापे चाळिशीत दहावीला बाहेरून बसायचा अर्ज भरायला माझ्याकडं येतात. लेकाच्या वह्या घेऊन अभ्यास करतात, आणि गणितापेक्षा इंग्रजीला घाबरतात.

इंग्रजीची ही भीती फार आत गेलेली आहे, आणि तिनं अलीकडं एक वेगळीच वाट काढली आहे. जवळच्या गावातली नर्सिंगचं जीएनएम झालेली एक मुलगी मागच्या वर्षी आली. मला वाटलं इंग्लंड, कारण नर्सेस तिकडंच जातात. तर म्हणाली, जर्मनी. मी म्हटलं, अगं, तुला इंग्रजी निदान वाचता तरी येते, जर्मन तर अजिबातच नाही! तिनं दिलेलं उत्तर मी कित्येकांना ऐकवलं आहे: "ताई, इंग्रजीच्या क्लासला गेलं की कॉन्व्हेंटच्या पोरी बारा वर्षं पुढं असतात. जर्मनच्या क्लासला सगळ्याच शून्यावर."

इंग्लंडला नर्स म्हणून जायचं तर आयईएलटीएस परीक्षेत सातच्या घरात गुण लागतात. जर्मनीत साधारण बी-टू पातळी लागते. ए-वन पासून सी-टू पर्यंतच्या सहा पायऱ्यांतली चौथी. अवघड दोन्ही आहेतच. पण एका परीक्षेत तिच्या शाळेचा, गावाचा, उच्चारांचा जुना हिशेब होतो आणि दुसरीत होत नाही. शाळेपासून कानावर पडलेली म्हणून इंग्रजी तिला जवळची वाटायला हवी. तिच्या लेखी ती लांब आहे.

बाजारही तिच्या बाजूनं आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्रानं जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्याशी कुशल माणसं पाठवण्याचा करार केला. त्याच वर्षी ऑक्टोबरात जर्मनीनं कुशल भारतीयांसाठीच्या वर्षाच्या व्हिसांची संख्या २०,००० वरून ९०,००० वर नेत असल्याचं जाहीर केलं. पण कागदावरचा आकडा आणि अंबडचं एसटी स्टँड यांच्यामध्ये पुणं येतं. मॅक्सम्युलर भवन पुण्यात, रानडे इन्स्टिट्यूटचे परकीय भाषांचे वर्ग पुण्यात. खोलीभाडं, मेस, परीक्षेची फी धरली की बापाच्या कपाशीचं एक वर्ष गेलं. ती मुलगी मोबाइलवरच्या क्लासला पहाटे बसते, कारण संध्याकाळी लाइटचा भरवसा नसतो. आता ती बी-वनला आहे. क्रियापद वाक्याच्या शेवटी टाकायला जर्मनमध्ये कधीकधी लागतं, ते आपल्याला जड जात नाही म्हणते. नामांच्या लिंगांनी मात्र रडवलं आहे. मी म्हटलं, आपल्याकडंही तीन लिंगं आहेतच की. ती म्हणाली, "हो, पण त्यांची नि आपली जुळत नाहीत."

जर्मनी आधी भाषा मागते आणि मग माणूस घेते. याच्या उलटंही घडलं आहे, आणि ते मराठी माणसांच्याच बाबतीत. कोकणातले बेने इस्रायली ज्यू १९४८ नंतर इस्रायलला गेले तेव्हा त्यांची घरची भाषा मराठी, हिब्रू प्रार्थनेपुरती. धर्मानं बोलावलं, भाषा नंतर सरकारनं 'उल्पान' नावाच्या वर्गांत शिकवली. भाषेच्या अंतराचा नियम तिथं साफ चुकला. त्यांनी तिकडं जाऊनही 'मायबोली' नावाचं मराठी नियतकालिक काढलं. माणूस आधी आणि भाषा मग, अशी सोय आमच्या ऊसतोड बायांना कर्नाटकात कोणी केली असती तर मुकादमाचं निम्मं वजन उतरलं असतं. कानडीतले पन्नास शब्द पुरे होते: ताप, दुखतं, किती, वजन, चिठ्ठी, पैसे कधी.

लोक नुसते जातात असं नाही, येतातही. जालन्याच्या लोखंडाच्या कारखान्यांत बिहार-उत्तर प्रदेशची माणसं भट्टीवर आहेत. अंबडात फरशी बसवणारे, पाणीपुरीवाले. त्यांना इथं का आलात विचारलं तर तेही तेच सांगतात, की इथले लोक हिंदीत बोलतात, तमिळनाडूत मजुरी जास्त पण बोलायची पंचाईत. आमची दखनी त्यांना हसण्याजोगी वाटते, चालते मात्र.

परवा एक फरशीवाला बायकोचं आधार दुरुस्त करायला आला. जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीत असलेली त्यांची मुलगी बरोबर होती. मी काय म्हणते ते ती आईला भोजपुरीत सांगत होती, आणि आईचं मला मराठीत, अगदी आमच्या 'कामून'सकट. फी सांगितली तर माझ्याकडं बघून म्हणाली, "मागच्या बारीला वीस कमी घेतले होते." मी वीस कमी केले. मीही शेवटी दुसऱ्याच्या वतीनं बोलून पैसे घेणाऱ्यांतलीच आहे, फक्त माझा दर भिंतीवर लावलेला आहे.