कुठे राबलंय, किती राबलंय?

गेल्या उन्हाळ्यात दीड महिना ताईकडे अमेरिकेत राहून आले. नॉर्थ कॅरोलायनामधलं शार्लट हे तिचं गाव. पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी कपडे धुवायला म्हणून गॅरेजमध्ये गेले, तर वॉशिंग मशीनशेजारी जुन्या चादरीवर लोखंडाचे आठ दांडे ओळीनं मांडलेले. प्रत्येकाच्या एका टोकाला मोठं कडं, दुसऱ्या टोकाला लहान.

"बघ तुझ्या भाच्याचे प्रताप," ताई म्हणाली. "माझी गाडी बाहेर उन्हात आणि याचं भंगार घरात!"

"भंगार नाही गं मावशी, रेसच्या इंजिनाचे कनेक्टिंग रॉड आहेत," भाच्यानं लगेच दुरुस्ती केली. तो तिथेच इंजिनिअरिंग शिकतो. पिस्टनची वरखाली क्रँकपर्यंत पोचवतो तो हा रॉड.

शार्लट, मूर्सव्हिल, कॉनकॉर्ड हा सगळा टापू नॅसकार शर्यतींचा. बहुतेक संघांच्या कार्यशाळा याच भागात आहेत. त्यांच्या गाड्यांचं आठ सिलिंडरचं, जवळपास ५.९ लिटरचं इंजिन मिनिटाला ९००० फेऱ्यांपर्यंत पळतं. शार्लटची सर्वांत लांब शर्यत ६०० मैलांची, म्हणजे साधारण ९६५ किलोमीटरची. शर्यतीनंतर इंजिन उघडतात आणि ठरलेलं काम करून झालेले भाग बाजूला काढतात. ते तुटलेले नसतात, पण पुढच्या शर्यतीत तुटले तर? ती जोखीम कोण घेणार? मग हे भाग विक्रीला येतात आणि हौशी पोरं नव्याच्या मानानं स्वस्तात घेतात.

आमच्या चिरंजीवांना हे रॉड रोज रस्त्यावर चालवायच्या जुन्या गाडीत बसवायचे होते, वर टर्बोही लावायचा होता. आपल्याकडच्या गाड्यांवरही 'टर्बो' लिहिलेलं असतं, पण ते काय असतं ते मला तिथे समजलं. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या गरम धुरावर एक चाक फिरतं. त्याच दांड्यावरचं दुसरं चाक बाहेरची हवा दाबून इंजिनात ढकलतं. फुंकणीनं फुंकलं की चूल कशी भडकते, तसंच.

ताईचा जीव मात्र टांगणीला. रात्री मला म्हणाली, "तू बचत गटाच्या एवढ्या बायकांना समजावतेस, याला समजाव ना. उद्या रस्त्यात काही झालं तर?"

मी कसली समजावणार? मला स्कूटीचा प्लगही कळत नाही. पण आमच्या गटानं एकदा जुनं मिरची कांडप यंत्र घेतलं होतं, ते आठवलं. दिसायला चकचकीत, किंमत निम्मी. तिसऱ्या महिन्यात मोटार जळाली. आधी ते यंत्र एका गिरणीत दिवसरात्र चालत होतं, हे नंतर समजलं. आम्ही विचारलंच नव्हतं. गटाचे पैसे गेले ते गेलेच. तेव्हापासून जुनी वस्तू घेताना आम्ही तीन प्रश्न विचारतो. कुठे राबलंय, किती राबलंय आणि का काढलं?

तेच तीन प्रश्न मी भाच्याला विचारले. पोरगं आधी हसलं, मग वही घेऊन बसलं.

रॉडचा त्याचा हिशेब पक्का होता. पिस्टन वर जाऊन थांबतो आणि खाली वळतो, तेव्हा रॉडला जबरदस्त ओढ बसते. वेग दुप्पट झाला की ही ओढ चौपट होते. हा आपलं इंजिन ६००० फेऱ्यांच्या वर नेणार नव्हता. म्हणजे ९००० ची सवय असलेल्या रॉडला निम्म्याहूनही कमी ओढ. टर्बोमुळे वरून बसणारा दाब वाढतो खरा, पण त्याच्या मते हे दणकट रॉड तो सोसतील.

"मग बाकीचे भागही तिथलेच घे की," मी म्हटलं.

"नाही मावशी, तिथेच तर पोरं फसतात."

शर्यतीचं इंजिन आत आलेलं मिश्रण बारा पटींपर्यंत दाबतं. टर्बो तर हवा आधीच दाबून आणतो. वर पुन्हा बारा पट दाबली, तर मिश्रण भलत्या वेळी पेटतं आणि पिस्टनचा चुरा होतो. म्हणून पिस्टन नवे, नऊ पटींच्या आसपास दाबणारे. शर्यतीचा कॅमशाफ्ट अती वेगासाठी घडवलेला, सिग्नलला गाडी उभी राहिली की इंजिन गचके खाणार. तोही बाद. व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा, बेअरिंग आणि रॉडचे बोल्ट जुने घ्यायचेच नाहीत. शिवाय शर्यतीत घर्षण कमी व्हावं म्हणून क्रँकची पिन बारीक ठेवतात. साध्या क्रँकवर हे रॉड बसेनात, म्हणजे जोडीचा क्रँकही घेणं आलं. यादी लांबत गेली तसा स्वस्ताईचा आनंद ओसरत गेला!

"आणि रॉड आतून चांगले आहेत, हे कशावरून?" मी विचारलं. तो गप्प झाला.

चार दिवसांनी आम्ही तिघं एका वर्कशॉपमध्ये गेलो. तिथल्या माणसानं रॉडमध्ये चुंबकत्व आणलं, वर लोखंडाची बारीक चमकती पूड असलेलं पाणी सोडलं आणि दिवे मालवून जांभळा दिवा लावला. एकेक रॉड फिरवून बघत होता. सहाव्याला थांबला. बोल्टच्या जागेजवळ केसाएवढी हिरवी रेघ चमकत होती. तडा! उजेडात बघितलं तर रॉड आरशासारखा स्वच्छ.

चालत्या गाडीत तो तुटला असता, तर इंजिनाची भिंत फोडून बाहेर आला असता. गरम तेल रस्त्यावर, नाहीतर पेटही घेतला असता. ताईनं माझा हात घट्ट धरला. भाचा काहीच बोलला नाही. परतताना म्हणाला, "आई, थोडा वेळ लागेल. पण घाई करणार नाही."

मैत्रिणींनो, आपल्याकडे तर कायदाही आडवा येतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार, नोंदणीत लिहिलेल्या कंपनीच्या मूळ रचनेत परस्पर बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानंही २०१९ मध्ये हेच बजावलं. असा बदल केला असेल, तर अपघातानंतर विम्याच्या पैशांतही अडचण येऊ शकते. मुलगा 'गाडीत थोडं काम काढलंय' म्हणाला, की हे जरूर विचारा. नुसतं 'नको' म्हटलं की मुलं ते काम लपून करतात. प्रश्न विचारला की निदान वही तरी उघडतात.

मी निघाले तेव्हा गाडी तयार नव्हतीच. आठही रॉडची वजनं तंतोतंत जुळवलेली असतात, त्यामुळे सहाव्याच्या जागी तसाच दुसरा शोधणं चाललं होतं. परवा ताईचा फोन आला. बोलता बोलता मध्येच ती आत ओरडली, "अरे, नवे बोल्ट आले का रे?"

भंगार म्हणणारी ताई ती हीच!